पत्त्याचा फेरफार

भुदरगड तालुक्याची कचेरी भुदरगडावर नाही. ती वेदगंगेच्या खोऱ्यात, गारगोटीत आहे. १८८६ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा आहे. त्यात करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ आणि गडहिंग्लज यांच्या रांगेत भुदरगड येतो. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पुढे महाराष्ट्र राज्य आले, पण तालुक्याला नाव किल्ल्याचे आणि दफ्तर गारगोटीत, ही जोडी आजही तशीच आहे. 'तहसील कार्यालय, भुदरगड' एवढा पत्ता वाचून कोणी गड चढायला लागत नाही. एस.टी. त्याला गारगोटीच्या स्टँडवर उतरवते आणि इथेच उतरायचे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

संगणकाला मात्र ते सांगावे लागते. एखादे पान एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेले, तर कुठे गेले ते कुणीतरी नोंदवून ठेवावे लागते. या नोंदीला धंद्यातले लोक रिडायरेक्ट म्हणतात. नोंद असली, नसली किंवा चुकीची झाली तर शोधयंत्रातला त्या पानाचा क्रमांक कसा हलतो, याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच बोलले गेले. त्यातले पुष्कळसे ऐकीव आहे. कागद समोर ठेवून ही हकीकत पुन्हा जुळवण्याचा हा प्रयत्न.

त्यासाठी तीन जातींचे पुरावे हाताशी आहेत. पहिले म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे दस्तऐवज. त्यांना क्रमांक आणि तारीख असते आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्यांतले अक्षरही बदलत नाही. दुसरी, गूगल कंपनीची आणि तिच्या माणसांची विधाने. ही त्रोटक आहेत, मुलाखतीत किंवा ट्वीटमध्ये केलेली आहेत, आणि बोलणारा आपल्याच यंत्राविषयी बोलतो आहे हे ध्यानात ठेवून वाचावी लागतात. तिसरा पुरावा खुद्द पत्त्यांचा. बदललेले पत्ते जुन्या तळटिपांत शिल्लक राहतात आणि नाण्यावरच्या अक्षरांसारखे वाचता येतात.

महसूल दफ्तराला हे काम नवे नाही. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो आणि त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर चढतो. त्याहून जवळचे उदाहरण एकत्रीकरणाचे आहे. जमिनीचे तुकडे पाडायला बंदी घालणारा आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. ज्या गावांना योजना लागू झाली, तिथे जुने सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. जमीन होती तिथेच राहिली, तिचा पत्ता बदलला. मग १९३० सालच्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आज कोणत्या गटात आहे, हे कशावरून काढायचे? त्यासाठी ९(३) आणि ९(४)चे उतारे आहेत. जुना नंबर, नवा गट, खातेदार असा मेळ त्यांत घातलेला असतो. वकील आणि तलाठी आजही ते काढून बघतात, कारण खतातला जुना नंबर कोणी खोडून दुरुस्त केलेला नसतो.

इंटरनेटवर असा उतारा नियमांत आला त्याचा ठाम कागद मे १९९६चा आहे. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांच्या नावाने निघालेला हा एचटीटीपी १.० आवृत्तीचा दस्तऐवज, क्रमांक १९४५. त्यात सर्व्हर ब्राउझरला जी उत्तरे देऊ शकतो त्यांना आकडे दिले आहेत. ३०१ म्हणजे पान कायमचे हलले, यापुढे नवा पत्ता वापरावा. ३०२ म्हणजे तात्पुरते दुसरीकडे आहे, पत्ता जुनाच धरावा. ३०१च्या कलमात आणखी एक अपेक्षा आहे: ज्या प्रोग्रामला आपल्याकडच्या लिंका दुरुस्त करता येतात, त्याने त्या नव्या पत्त्यावर वळवून घ्याव्यात. नोंद करणाऱ्याबरोबर नोंद वाचणाऱ्यानेही आपली वही सुधारावी, असा त्याचा अर्थ. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळी लागली तर पाचपेक्षा जास्त उड्या मारू नयेत, असेही तिथे लिहिले आहे. इतक्या उड्या लागल्या तर बहुधा चक्र सुरू झालेले असते.

या कागदात क्रमांकाचा, रँकिंगचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. रँकिंगचा कागद दोन वर्षांनी आला. एप्रिल १९९८मध्ये ब्रिस्बेनच्या परिषदेत सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलच्या पहिल्या रचनेचे वर्णन करणारा निबंध मांडला. त्यातला पेजरँकचा हिशोब असा: ज्या पानाकडे इतर पाने लिंक देतात, त्याचे मोल त्या देणाऱ्यांच्या मोलावरून ठरते. प्रत्येक देणारा आपले मोल आपल्या सगळ्या लिंकांत सारखे वाटतो आणि त्यातही एक घट धरली जाते. निबंधात हा गुणक साधारण ०.८५ ठेवल्याचे म्हटले आहे. समजा एका पानाचे मोल १ आहे आणि त्यावर १० लिंका आहेत, तर प्रत्येक लिंकेमागे ०.०८५ पुढे जाते.

आपल्या विषयाचे सगळे मर्म या हिशोबात आहे. पानाची पत त्या पानात साठवलेली नसते. ती दुसऱ्यांनी आपापल्या पानांवर लिहून ठेवलेल्या पत्त्यांत विखुरलेली असते. पान हलले तरी ते पत्ते हलत नाहीत. ३०१ची नोंद नसेल तर जुन्या पत्त्यावर येणारी पत ४०४च्या, म्हणजे 'पान सापडत नाही'च्या, भिंतीवर आपटते. नव्या पत्त्यावरचे पान मजकुराने तेच असूनही अनोळखी ठरते आणि नाव कमावायला पहिल्यापासून सुरुवात करते. आज क्रमांक ठरवताना गूगल असंख्य गोष्टी बघते, लिंका हा त्यातला एक भाग आहे. पण तो भाग पत्त्याला चिकटलेला आहे, म्हणूनच पत्ता बदलताना तो सांडू शकतो.

त्याच १९९८ साली बर्नर्स-ली यांनी एक छोटे टिपण लिहिले. चांगले पत्ते बदलत नसतात, असा त्याचा मथळा आणि आशय. पत्त्यात काय घालू नये याची यादीच त्यांनी दिली: लेखकाचे नाव, विषय, दर्जा, फाइलच्या नावामागचे शेपूट, वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या खुणा. हे सगळे बदलणारे असते आणि ते बदलले की पत्ताही बदलावा लागतो. आपल्या मराठी पत्त्यांकडे वळलो की ही यादी पुन्हा लागेल.

आता गूगलची विधाने, तारखेच्या क्रमाने. पहिला मोठा गोंधळ ३०२चा झाला. २००४-०५च्या सुमारास असे दिसू लागले की परक्या साइटने तुमच्या पानाकडे तात्पुरती नोंद लावली, तर शोधात कधी कधी तुमच्या पत्त्याऐवजी तिचाच पत्ता येई. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, कारण ३०२चा अर्थ 'पत्ता जुनाच धरा'. पण त्यामुळे दुसऱ्याच्या पानावर आपली पाटी लावता येऊ लागली. जानेवारी २००६मध्ये गूगलचे अभियंते मॅट कट्स यांनी यावर लिहिले. दोन वेगळ्या डोमेनच्या मध्ये ३०२ असेल तर बहुतेक वेळा आम्ही मुक्कामाचा पत्ता धरतो, असे त्यांनी सांगितले. नियम तसाच राहिला, वाचणाऱ्याने त्याचा अर्थ बदलून घेतला.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'कॅनॉनिकल' खूण जाहीर केली. एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील तर खरा कोणता, हे पानाच्या आतच लिहून ठेवण्याची ही सोय. मराठी विकिपीडियावर '#पुनर्निर्देशन' लिहून जे पान वळवले जाते, त्याच्या आत हेच चालते. तिथे सर्व्हर ३०१ देत नाही. तो मूळ लेखाचा मजकूर दाखवतो आणि कॅनॉनिकल खुणेने सांगतो की खरा पत्ता पलीकडचा आहे. 'भूदरगड' असे दीर्घ लिहिणारा आणि 'भुदरगड' असे ऱ्हस्व लिहिणारा, दोघांनाही एकाच लेखावर आणायला ही पद्धत पुरते. त्याच वर्षी जूनमध्ये साइटचे डोमेनच बदलले असेल तर गूगलला तसे कळवण्याची सोयही झाली.

मार्च २०१०मध्ये एरिक एंज यांनी मॅट कट्स यांची मुलाखत घेतली. ३०१मधून पत पूर्ण पोहोचते की थोडी गळते, हा प्रश्न होता. कट्स यांनी चौकशी करून मागाहून कळवले की थोडी गळते. फेब्रुवारी २०१३मधल्या व्हिडिओत त्यांनी माप दिले: साध्या लिंकमधून जेवढी गळते तेवढीच ३०१मधून. इथून एक आकडा जन्माला आला. लोकांनी १९९८च्या निबंधातले ०.८५ उचलले, १मधून वजा केले आणि 'रिडायरेक्ट केला की १५ टक्के जातात' असे म्हणू लागले. दोन कागदांमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे आणि जुना कागद प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आहे. कट्स यांचे म्हणणे दोन वाटा सारख्या असल्याचे होते, त्यावर टक्केवारी लोकांनी चढवली. तरी तो आकडा सल्लागारांच्या तोंडी इतका बसला की पत्ता बदलणे म्हणजे रुपयामागे जवळजवळ अडीच आण्यांचा तोटा, असे गणित रूढ झाले.

मग परिस्थितीनेच गूगलला कोंडीत धरले. ६ ऑगस्ट २०१४ रोजी कंपनीने जाहीर केले की एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित पत्त्याचा, क्रमांकात थोडा विचार होईल. पण 'एचटीटीपी'चे 'एचटीटीपीएस' करणे म्हणजे साइटवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता बदलणे आणि प्रत्येकाला ३०१ लावणे. प्रत्येक ३०१मागे घट पडणार असेल तर सुरक्षित होणाऱ्याला शिक्षाच. फेब्रुवारी २०१६मध्ये गूगलचे जॉन म्यूलर यांनी सांगितले की अशा बदलात पेजरँक कमी होत नाही, आणि जुलै २०१६मध्ये तिथलेच गॅरी इलिस यांनी एका ट्वीटमध्ये सरसकट म्हटले की ३०ने सुरू होणाऱ्या, म्हणजे ३०० ते ३०९मधल्या, रिडायरेक्टमधून आता पेजरँक गळत नाही. याच वर्षी गूगलने टूलबारवर दिसणारा पेजरँकचा आकडा बंद केला. घट संपल्याचे जाहीर झाले तेव्हा ती मोजण्याची बाहेरच्यांची पट्टीही गेली, हा योगायोग इतिहास लिहिणाऱ्याने नोंदवून ठेवावा. त्यावर आणखी इमारत उभारू नये.

या विधानांबरोबर गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानांवर काही अटी दिल्या आहेत. एका जुन्या पानाला त्याच्याच मजकुराचे एक नवे पान हवे. शेकडो जुने पत्ते एकदम मुखपृष्ठाकडे वळवले तर यंत्र त्यांना 'सापडत नाही' याच सदरात टाकू शकते. पाटी कुठेतरी जाते, पण मागितलेला कागद तिथे मिळत नाही. साखळी लागली तर गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत जातो, तरी ती टाळावी. हलल्यानंतर काही दिवस क्रमांक खालीवर होतो, मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पाने रुळायला काही आठवडे लागतात. आणि नोंद किती दिवस ठेवायची? जुलै २०२१मध्ये इलिस यांनी उत्तर दिले: निदान एक वर्ष.

आता आपल्याकडचे पत्ते वाचू. गारगोटीच्या कर्मवीर हिरे महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी १३ डिसेंबर १९४२च्या कचेरीवरील हल्ल्यावर प्रकल्प लिहायला बसला असे धरू. त्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले. तो कुठे शोधेल? राज्य शासनाने १९६० साली काढलेल्या कोल्हापूर जिल्हा गॅझेटिअरमध्ये, मराठी विश्वकोशात, जिल्ह्याच्या साइटवर. तिन्हींचे पत्ते बदललेले आहेत.

गॅझेटिअरचे थर सर्वांत सुरेख दिसतात. विकिपीडियाच्या जुन्या तळटिपांत पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा सुरू होतो आणि पुढे 'इंग्लिश', मग 'गॅझेटिअर' असे कप्पे येतात. नंतरच्या तळटिपांत आधी 'कल्चरल' हा शब्द लागतो, म्हणजे दफ्तर सांस्कृतिक कार्य विभागाच्या नावाखाली आले. तिसऱ्या थरात पत्ता 'गॅझेटिअर्स डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा सुरू होतो, आणि तिरक्या रेघेनंतर पहिला कप्पा आहे 'कल्चरल डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन'. जुना पत्ता सगळाच्या सगळा नव्याच्या पोटात बसलेला आहे. साइट जशीच्या तशी उतरवून घेणारी डब्ल्यूगेटसारखी साधने उतरवलेल्या साइटच्या नावाचा कप्पा करून त्यात पाने ठेवतात. त्यावरून अनुमान निघते की जुन्या सर्व्हरची नक्कल उतरवून ती तशीच नव्या जागी मांडली. हे अनुमानच आहे, पण पत्त्याचा हा आकार दुसऱ्या रीतीने समजावणे अवघड जाते. ही रचना दिसायला ओबडधोबड असली तरी तिचा एक फायदा आहे. आतले कप्पे जसेच्या तसे राहिल्याने दुसऱ्या थराकडून तिसऱ्याकडे जायला एकच नियम पुरतो: जुन्या पत्त्याच्या आधी नवे नाव जोडा. सर्व्हरवर ही एका ओळीची नोंद आहे आणि हजारो पाने तिच्यावर हलू शकतात.

विश्वकोशाची गोष्ट उलटी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला हा कोश छापील स्वरूपात खंडांचा. त्याचा जुना पत्ता 'मराठीविश्वकोश डॉट इन', पुढे 'मराठीविश्वकोश डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन'. या पत्त्यांत खंडाचा क्रमांक होता, म्हणजे पुस्तकाची मांडणी पत्त्यात उतरली होती. शिवाय 'इंडेक्स डॉट पीएचपी' आणि 'कॉम कंटेंट' असे शब्द होते. ते जूमला या सॉफ्टवेअरचे. बर्नर्स-ली यांनी १९९८ साली जे टाळायला सांगितले, ते इथे सापडते. आताचा पत्ता 'विश्वकोश डॉट मराठी डॉट जीओव्ही डॉट इन', त्यापुढे नोंदीचा एक आकडा आणि बाकी काही नाही. नवा पत्ता जास्त टिकाऊ आहे. पण जुन्यातला खंड क्रमांक आणि नव्यातला आकडा यांच्यात नियमाने निघणारे नाते नाही. इथे एक ओळ पुरत नाही. प्रत्येक नोंदीसाठी एक अशी हजारो ओळींची यादी लागते, ९(३), ९(४)सारखीच.

जिल्ह्याच्या साइटचा बदल कागदावर सर्वांत लहान दिसतो: 'कोल्हापूर डॉट एनआयसी डॉट इन'चे 'कोल्हापूर डॉट जीओव्ही डॉट इन' झाले. जमिनीच्या नोंदींचे 'महाभूलेख' हेही 'भूलेख डॉट महाभूमी'कडे गेले. तिथे तालुक्यांच्या यादीत 'भुदरगड' शोधावे लागते, 'गारगोटी' शोधून तालुका मिळत नाही. अशा साइटवरची पाने सॉफ्टवेअरसकट बदलतात. मुखपृष्ठाला नोंद लावणे सोपे असते. आतल्या एकेका पानाचा मेळ घालणे हे कंटाळवाणे काम आहे आणि पत नेमकी आतल्या पानांवरच्या लिंकांत असते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विकिपीडियाच्या बाहेर जाणाऱ्या लिंकांवर २००७पासून 'नोफॉलो'ची खूण असते. रँकिंगच्या हिशोबात ही लिंक धरू नका, असा तिचा मूळ अर्थ. सप्टेंबर २०१९मध्ये गूगलने ती आज्ञेऐवजी इशारा म्हणून वाचायचे ठरवले, तरी अशा तळटिपेतून किती पत येते हा प्रश्न उरतोच. मग जुन्या तळटिपेसाठी नोंद ठेवून रँकिंगचा फायदा काय? कदाचित काहीच नाही. पण गूगलच्या मार्गदर्शक पानावर, इलिस यांच्याप्रमाणेच निदान एक वर्ष म्हणणाऱ्या पानावर, पुढे लिहिले आहे की वाचणाऱ्यांच्या दृष्टीने नोंदी कायमच्या ठेवण्याचा विचार करावा, आणि आपल्या हातातल्या लिंका नव्या पत्त्यावर दुरुस्त करून घ्याव्यात. १९९६च्या दस्तऐवजातली ती अपेक्षा पंचवीस वर्षांनी शोधयंत्राच्या तोंडून पुन्हा आली.

सगळे कागद एकत्र ठेवल्यावर दोन मुदती वेगळ्या दिसतात. यंत्राची मुदत वर्षभराची आहे. तेवढ्यात ते आपल्या वहीत नवा पत्ता चढवून घेते. ३०१ लागलेला असेल, पान पानाला भिडलेले असेल, तर २०१६पासूनच्या विधानांप्रमाणे क्रमांकात घट धरण्याचे कारण नाही. तळटिपेची मुदत मात्र तिच्या लेखाइतकी आहे. एखाद्या प्रबंधातला २००९ सालचा पत्ता २०४०मध्येही तसाच छापलेला असेल, कारण छापलेल्या कागदाला लिंक दुरुस्त करता येत नाही.

म्हणून साइट हलवणाऱ्या कार्यालयाने काही वाचवायचेच झाले, तर दोन रकान्यांची ती यादी वाचवावी: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. सर्व्हर बदलेल, कंत्राटदार बदलेल, यादी दफ्तरी राहिली पाहिजे. कचेरीत नकलेचा अर्ज देणारा माणूस आजोबांच्या खतातला जुना सर्व्हे नंबर घेऊन येतो. त्याला समोरून कोणी विचारत नाही की योजना होऊन एक वर्ष झाले, अजून हा नंबर कशाला. कारकून उतारा काढतो, जुन्या नंबरासमोरचा गट बघतो आणि नक्कल देतो.